संसाराचा हिशेब : अनोळखी कंपनीचा मोबाईल

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न चार-पाच ठिकाणांहून विचारला गेला आहे. मुलगी अकरावीत गेली. कॉलेजच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, तेव्हा घरात मोबाईल घेणे भाग आहे. दुकानदार साडेपाच हजारांचे एक खोके पुढे करतो. त्यावर कधी न ऐकलेले नाव. घ्यावा की नाही?

नाव ऐकलेले नाही एवढ्यावरून माल वाईट ठरवू नये, असे आमचे मत आहे. शाओमी कंपनी जुलै २०१४ मध्ये भारतात आली तेव्हा तिचे नाव कसे उच्चारावे हेही लोकांना कळत नव्हते. २०१७ च्या अखेरीस तीच कंपनी स्मार्टफोनच्या खपात सॅमसंगच्या पुढे गेली. उलट मायक्रोमॅक्सचे बघा. २०१४ च्या अखेरच्या तिमाहीत एका बाजारपाहणीत या आपल्या देशी कंपनीला सॅमसंगच्याही वर पहिला क्रमांक मिळाला होता. पुढे चार-पाच वर्षांतच तिचे फोन दुकानांतून दिसेनासे झाले. एलजीसारख्या बड्या कंपनीनेही एप्रिल २०२१ मध्ये मोबाईलचा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. तेव्हा नाव मोठे की लहान, यापेक्षा फोन बिघडला तर तो घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे, हा प्रश्न गरिबाला जास्त महत्त्वाचा आहे.

आमच्या वस्तीतील एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी मुलासाठी असाच एक फोन घेतला. अकराव्या महिन्यात तो चार्जिंगला लावला असता बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. वॉरंटी कार्डावर सर्व्हिस सेंटरचा जो नंबर होता तो लागेना. दुकानदार म्हणाला, “ताई, ती कंपनी आता माल पाठवत नाही.” दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले. बोर्ड गेला आहे आणि या मॉडेलचा बोर्ड कुठेच मिळत नाही, असे त्याने सांगितले. सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालता आले, म्हणून नंबर वाचला. खात्यातले पैसे बँकेत असतात, तेही सुरक्षित राहिले. परंतु जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका यांचे फोटो फक्त त्या फोनमध्येच होते आणि शिष्यवृत्तीची मुदत आठ दिवसांवर आली होती. सगळे कागद शोधून पुन्हा फोटो काढण्यात त्या माउलीचे दोन खाडे झाले. त्या दोन दिवसांची मजुरी फोनच्या किमतीत कोणी धरत नाही. (दाखले डिजीलॉकरमध्ये किंवा निदान घरातल्या दुसऱ्या फोनवर ठेवत चला, हे जाता जाता सांगतो.)

दुरुस्तीचे गणित असे असते. हातातून फोन पडला की बहुधा काच आणि डिस्प्ले जातो. दुरुस्तीवाले त्याला ‘फोल्डर’ म्हणतात. ज्या मॉडेलचे फोन गावात हजारोंनी विकले गेले, त्याचा फोल्डर कोणत्याही बाजारात मिळतो. ज्याचे पन्नासच विकले गेले, त्याचा फोल्डर ठेवणे दुकानदाराला परवडत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन मॉडेल नंबर सांगा आणि “याचा फोल्डर येतो का, कितीला बसतो?” एवढेच विचारा. तो मान हलवील तर फोन स्वस्त असूनही महाग आहे असे समजावे.

आता थोडा कारकुनी हिशेब. समजा साडेपाच हजारांचा फोन अकरा महिने चालला, तर महिन्याला पाचशे रुपये पडले. नऊ हजार सहाशेचा फोन बत्तीस महिने चालला, तर महिन्याला तीनशे पडले. ज्याच्या हातात आज साडेपाच हजारच आहेत, त्याला हा हिशेब ऐकवून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशीच. परंतु दोन-तीन महिने थांबून भर घालता येत असेल तर थांबावे. सणासुदीला नामांकित कंपनीचे मागच्या वर्षीचे मॉडेल बरेचदा उतरत्या भावात मिळते. हप्त्यावर घेत असाल तर व्याज नाही म्हणून सांगतात, तेव्हा प्रोसेसिंग फी किती ते विचारा आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज करूनच सही करा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फोनमधील अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात आणि कंपनीने त्या अपडेट पाठवून बुजवायच्या असतात. लहानसहान कंपन्या बरेचदा फोन विकून मोकळ्या होतात. जुने पडलेले अँड्रॉइड पुढे ॲपवालेही सोडून देतात. व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीस अँड्रॉइड ४.४ व त्याआधीचे फोन बंद केले. काही ठिकाणी फोन कारखान्यातूनच किडका निघाला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीस आले की इथिओपिया, घाना, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांत विकल्या गेलेल्या टेक्नो डब्ल्यू-२ या स्वस्त फोनमध्ये आधीपासूनच चोरटा प्रोग्राम होता. मालकाला न कळता तो पैशांच्या सेवा चालू करी आणि गरिबाचा रिचार्ज खाऊन टाकी. पुरवठ्याच्या साखळीतील तिऱ्हाइताने हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. ज्या फोनवर आपण यूपीआयने मजुरी घेतो, त्यात असा पाहुणा घरात घ्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नये. ‘८ जीबी रॅम’ लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘४ अधिक ४’ असते. दुसरे चार म्हणजे साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा, ती खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाही. अभ्यासाला खरी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असावी. याहून कमी घेतल्यास व्हॉट्सॲपच्या फोटोंनीच फोन भरून जातो. फाइव्ह-जी नसले तरी अडत नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलची भारतीय मानक ब्यूरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, नोंदणी सक्तीची आहे. आर अक्षराने सुरू होणारा तो नंबर खोक्यावर किंवा फोनवर छापलेला असतो आणि बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. नंतर फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. तो खोक्यावरील नंबराशी जुळवा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, थोडी जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा बनावट नंबराचा असेल तर उत्तरात कळते. जुना फोन घेताना तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत. शेवटी प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमधील माहितीच्या भागात फोन प्रमाणित आहे की नाही ते पाहावे. अप्रमाणित असेल तर परत द्या. हे सगळे दुकानातच होते, दहा मिनिटे लागतात. दुकानदार घाई करू लागला तर दुसरे दुकान गाठावे.

पक्के बिल मात्र सोडू नका. “बिल नको असेल तर दोनशे कमी करतो,” असे सांगणाऱ्याला नमस्कार करावा. बिल असेल तर वॉरंटी नाकारल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि अगदीच नवलाचा भाव कोणी सांगितला तर फेब्रुवारी २०१६ आठवावा. २५१ रुपयांत स्मार्टफोन, अशी जाहिरात नोएडाच्या एका कंपनीने केली आणि नोंदणीला एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. पुढच्या वर्षी माल मिळाला नाही या वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली.

एका बंधूंनी विचारले आहे की म्हाताऱ्या वडिलांसाठी तरी असा स्वस्त स्मार्टफोन चालेल का. वडिलांना फक्त बोलायचे असेल तर बटणांचा साधा फोन द्यावा, तो पुन्हा पुन्हा चार्ज करावा लागत नाही आणि आवाजही मोठा असतो. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे या सोयीने अशा फोनवरूनही पैसे पाठवता येतात. मुलीच्या फोनमध्ये भर घालायला त्यातून वाचलेले पैसे कामी येतील.