राजीनामा लिहिण्याआधी

आनंदनगर, मोरिवलीच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्यांना आणि पहाटेची लोकल धरून ठाणे-मुंबई गाठणाऱ्यांना एक विनंती. घरात लग्न, बाळंतपण, मोठं आजारपण किंवा मृत्यू झाला असेल, तर पुढचे दोन-तीन महिने नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत साहेब नेहमीपेक्षा खडूस वाटतो, काम नकोसं होतं. त्यातला कामाचा वैताग किती आणि घरचा किती, हे तेव्हा उमगत नाही. पगार थकला असेल किंवा कुणी छळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबू नका.

होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. आनंदाचं कार्यही माणसाला दमवतं, म्हणून नव्या नवरीला ‘सगळं छान आहे, मग तोंड का उतरलंय?’ असं विचारू नये.

बायकांचं दुखणं मात्र घटनेपुरतं नसतं. सरकारच्या 2019च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. आणि हे घरकामाला हात लावणारे पुरुष; न लावणारे या हिशेबात नाहीतच! तेव्हा नवरोबांनो, ‘सोड ती नोकरी, बरं वाटेल’ म्हणण्याआधी रात्रीचा स्वयंपाक महिनाभर तुम्ही करून पाहा. तिला नोकरी नको आहे की घरची दुसरी पाळी, ते कळेल.

पुरुषांचं उलटं. वडिलांचं तेरावं उरकून गडी कामावर हजर होतो, कुणाशी बोलत नाही आणि संध्याकाळी बारमध्ये बसतो. त्यापेक्षा लोकलच्या डब्यातल्या एखाद्या सोबत्याला सांगा. तेही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. मराठीतूनही बोलता येतं.

हक्काचं सोडू नका. पात्र बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय मालकाने करायची असते. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो का, ते स्लिपवर बघा. ठेकेदाराकडे असाल तरी विचारा. हप्ते पुरेसे भरलेले असले तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो.

आणि रजा लेखी मागा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. तोंडी मागितलेली रजा पुढे गैरहजेरी ठरू शकते.