रंग उरतात, माणूस उरतो का?

छायाचित्राला ‘पॉप आर्ट’चे रूप देणे ही आता क्षणाची गोष्ट झाली आहे. संगणकावर एक-दोन आज्ञा दिल्या, की नेहमीचा चेहरा भडक, सपाट रंगांत उजळून निघतो आणि त्याच्या चार निरनिराळ्या रंगांतील प्रती शेजारीशेजारी उभ्या राहतात. ही गंमत निषिद्ध मानण्याचे कारण नाही. मात्र तिने छायाचित्रात काय येते, यापेक्षा त्यातून काय जाते, हे जाणून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सामान्य डिजिटल छायाचित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा संभवतात. ‘पोस्टराइझ’ ही आज्ञा देऊन प्रत्येक रंगाच्या केवळ ४ पातळ्या ठेवल्या, तर जास्तीत जास्त ६४ छटा उरतात. गालावरची सावली, कपाळावरची बारीक सुरकुती, डोळ्यांखालचा थकवा हे सारे जवळच्या रंगात विरून जाते. उरते ती ठळक आकृती.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने तपशील गाळण्याची ही क्रिया जाणीवपूर्वक केली. अभिनेत्री मॅरिलिन मन्रो हिचे ऑगस्ट १९६२ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्याने ‘नायगारा’ (१९५३) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रावरून, सिल्क स्क्रीन छपाईने, एकाच कलाकृतीत तिचा चेहरा ५० वेळा उमटवला. डावीकडील २५ चेहरे रंगीत आहेत. उजवीकडील २५ कृष्णधवल असून ते कडेकडे फिकट होत जातात. प्रसिद्धीच्या झगमगाटात माणूस कसा पुसला जातो, हेच जणू ती कलाकृती सांगते. तेथे पुसण्याला अर्थ आहे.

आता भिलाईचा विचार करू. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रासह अनेक प्रांतांतील माणसे येथे येऊन राबली. अशा एखाद्या कामगाराच्या छायाचित्रावर हा प्रयोग केला, तर त्याचे हेल्मेट पिवळेधमक दिसेल. पण धगीने रापलेल्या चेहऱ्यावरील रेषा, म्हणजे त्याच्या श्रमांची साक्षच, नाहीशी होईल. सुरक्षिततेचा संदेश देणाऱ्या भित्तिपत्रकासाठी ते रूप योग्य ठरेल, कारण ते दुरूनही ओळखू येते. घरातील आठवण म्हणून मात्र ते अपुरे आहे.

मूळ छायाचित्र तर सुरक्षितच राहते, असे कोणी म्हणेल. वेगळी प्रत जपून ठेवली, तरच ते खरे. शिवाय पुढच्या पिढीच्या मनात ठसते, ते भिंतीवर लावलेले चित्र. म्हणून रंग निवडण्यापूर्वी आपण त्या चेहऱ्यातील काय गाळणार आहोत आणि कशासाठी, हे ठरवावे. तो निर्णय संगणकावर सोपवू नये.