विश्लेषण : मज्जारज्जूतील गाठीवर केमोथेरपी द्यायची की नाही? ‘बायोमार्कर’ चाचणी आधी का हवी?

गोंदियाहून नागपूर, नागपूरहून मुंबई अशी रुग्णाची फरफट होते. त्याच्याआधी गाठीचा तुकडा पुढे गेला, तर उपचारांची दिशा लवकर ठरू शकते.

देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या माणसाचे पाय हळूहळू जड होऊ लागतात. रोवणीत वाकून पाठ धरली असेल, असे म्हणत महिना-दोन महिने जातात. मग चालताना तोल जातो, पायाला चप्पल निसटल्याचे कळत नाही, लघवीवरचा ताबा सुटतो. एमआरआयमध्ये मज्जारज्जूत गाठ दिसते. नागपूरला शस्त्रक्रिया होते, अहवाल हातात येतो आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘केमो कधी सुरू करायची?’ पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : ही गाठ नेमकी कोणती आहे आणि तिच्या पेशींत कोणता बदल झाला आहे?

मज्जारज्जूतील गाठ म्हणजे काय?

पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूकडून खाली येणारी मज्जातंतूंची दोरी म्हणजे मज्जारज्जू. या दोरीच्या आतूनच उगवणाऱ्या गाठी दुर्मीळ आहेत. मेंदू आणि मज्जारज्जूच्या प्राथमिक गाठींत त्यांचा वाटा साधारण २ ते ४ टक्के. प्रौढांमध्ये एपेंडायमोमा, तर मुलांमध्ये अॅस्ट्रोसायटोमा जास्त आढळतो.

कण्याशी संबंधित प्रत्येक दुखणे म्हणजे ही गाठ नव्हे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही पाय लुळे करतो आणि तो औषधांनी बरा होतो. स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरतो, तेव्हा औषध मूळ कर्करोगाच्या खुणांवरून ठरते. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे.

बायोमार्कर म्हणजे नेमके काय?

पूर्वी गाठीची ओळख सूक्ष्मदर्शकाखालच्या चेहऱ्यावरून व्हायची. पण सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी अगदी वेगळ्या वागू शकतात. पेशींच्या जनुकांत किंवा प्रथिनांत झालेला जो ठरावीक बदल गाठीचा स्वभाव सांगतो, तो बायोमार्कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदू-मज्जारज्जूच्या अनेक गाठींचे नाव आणि श्रेणी ठरवताना या खुणा बघणे आवश्यक मानले आहे. त्यामुळे नुसता ‘ग्लायोमा, ग्रेड २’ असा अहवाल अनेकदा अपुरा असतो.

खुणेवरून औषध कसे ठरते?

सर्वात गाजलेले उदाहरण मेंदूतील ग्लायोब्लास्टोमाचे आहे. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी गाठीच्या डीएनएला इजा करते. ‘एमजीएमटी’ नावाचे प्रथिन ती इजा दुरुस्त करते. ज्या गाठीत या प्रथिनाचे जनुक रासायनिक कुलूप लागून बंद असते, तिथे दुरुस्ती होत नाही आणि औषध जास्त काम करते.

२००५ मध्ये २०६ रुग्णांच्या गाठी तपासून याचा पुरावा मिळाला. जनुक बंद असलेल्यांत रेडिएशनसोबत ही गोळी घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २१.७ महिने होते, तर फक्त रेडिएशन घेणाऱ्यांचे १५.३ महिने. जनुक सुरू असलेल्यांत हेच आकडे १२.७ आणि ११.८ महिने होते. म्हणजे एकाच गोळीने एका गटाला सहा महिन्यांहून अधिक दिले, दुसऱ्याला जेमतेम महिनाभर. उलट्या, थकवा, रक्तपेशी घटणे हा त्रास मात्र दोन्ही गटांच्या वाट्याला येऊ शकतो.

मज्जारज्जूत कोणत्या खुणा महत्त्वाच्या?

• एपेंडायमोमा : गाठ पूर्ण काढता आली, तर बहुतेक प्रौढ रुग्णांना केमोची गरज पडत नाही. मात्र ‘एमवायसीएन’ या जनुकाच्या प्रती वाढलेला एक दुर्मीळ प्रकार आक्रमक असतो आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून पसरतो. २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र ओळख मिळाली. अशा रुग्णावर बारीक लक्ष ठेवावे लागते.

• एच३ के२७ बदल : मज्जारज्जूच्या आक्रमक ग्लायोमात हा बदल अनेकदा सापडतो. तो असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सौम्य दिसली तरी ती श्रेणी ४ ची धरली जाते. या गाठींत एमजीएमटी जनुक बहुधा सुरूच असते. त्यामुळे टेमोझोलोमाइडकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

• बीआरएएफ बदल : मुलांच्या सौम्य श्रेणीच्या ग्लायोमात याचा एक प्रकार, व्ही६००ई, सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या लक्ष्यवेधी औषधांचा पर्याय खुला होतो. ११० मुलांच्या चाचणीत या जोडीने ४७ टक्के मुलांची गाठ लक्षणीय आकसली, नेहमीच्या केमोने ११ टक्क्यांची. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या जोडीला मान्यता दिली.

म्हणजे खूण तीन वेगवेगळी उत्तरे देऊ शकते : केमो नको, ही केमो फारशी चालणार नाही, किंवा केमोऐवजी दुसरे औषध आहे.

मग चाचणी केली की प्रश्न सुटला?

नाही. मज्जारज्जूच्या गाठी इतक्या कमी आहेत की त्यांच्यावर मोठ्या चाचण्या होत नाहीत आणि बराचसा पुरावा मेंदूच्या गाठींकडून उसना घेतलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने एच३ के२७एम बदल असलेल्या आणि उपचारांनंतरही वाढणाऱ्या ग्लायोमासाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला सशर्त मान्यता दिली. तिचा आधार होता ५० रुग्णांचा. त्यांतल्या २२ टक्क्यांत गाठ आकसली. पण मज्जारज्जूत सुरू झालेल्या गाठींचे रुग्ण त्या ५० मध्ये धरलेलेच नव्हते. ‘नवीन औषध आले’ असा व्हॉट्सअॅप संदेश फिरवण्याआधी हे लक्षात ठेवायला हवे.

दुसरा धडा आपल्याच राज्यातला आहे. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मुलांच्या मेंदूतली गाठ पाण्यावाटे मज्जारज्जूपर्यंत उतरते. म्हणून संपूर्ण मेंदू-कण्याला रेडिएशन दिले जाते, ज्याचा मुलाच्या उंचीवर आणि बुद्धीवर परिणाम होतो. या गाठीच्या चार गटांपैकी ‘डब्ल्यूएनटी’ गटातील मुले सर्वात चांगली बरी होतात. म्हणून टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी या गटात कण्याचे रेडिएशन सुरुवातीला टाळून फक्त गाठीच्या जागी रेडिएशन आणि सोबत केमो देऊन पाहिली. काही मुलांत आजार मूळ जागेपासून दूर, मेंदू-कण्यात परतला. अभ्यास वेळेआधी थांबवण्यात आला आणि पुढच्या अभ्यासात रेडिएशन पूर्ण टाळण्याऐवजी कमी मात्रेत देण्याचा मार्ग घेतला गेला. खूण चांगली निघाली म्हणून उपचार मनाने कमी करायचे नसतात, हे यातून दिसले. आणि हे उघडपणे मांडणारी संस्था विश्वासार्ह ठरते.

गोंदियातील रुग्णाला ही चाचणी कशी मिळेल?

इथे मेणाचा ठोकळा कामी येतो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवला जातो. पॅथॉलॉजीत त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. बहुतेक खुणा याच ठोकळ्याच्या पातळ कापांवर तपासता येतात. एच३ के२७एमसारखी खूण तर विशेष रंगाच्या साध्या चाचणीतही दिसते. मेड्युलोब्लास्टोमाचे गट ओळखणारी, अशा ठोकळ्यांवर चालणारी चाचणी खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेतील डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्येच प्रसिद्ध केली होती.

ब्लॉकला बर्फ लागत नाही, बर्थ लागत नाही, सोबतीला नातेवाईक लागत नाही. पाय लुळे पडलेल्या माणसाला विदर्भ एक्स्प्रेसने सुमारे हजार किलोमीटर नेण्याआधी त्याचा ब्लॉक कुरिअरने मुंबईला पोहोचू शकतो. फक्त मे महिन्यात तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. शेवटी ते मेण आहे.

अडचण एवढीच की मज्जारज्जूतून मिळणारा तुकडा काही मिलिमीटरचा असतो. अनावश्यक चाचण्यांत तो संपला, तर महत्त्वाच्या चाचणीसाठी काही उरत नाही.

नातेवाइकांनी काय विचारावे?

१. तुकडा पॅथॉलॉजीला फॉर्मेलिनमध्ये गेला का?
२. अहवालासोबत ब्लॉक आणि स्लाइड मिळतील का? मिळाल्यावर पावती आणि नोंद क्रमांक जपून ठेवा.
३. कोणत्या खुणा तपासल्या, कोणत्या राहिल्या?
४. या चाचणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर महागड्या जनुक पॅनेलसाठी धान विकून पैसे उभे करू नका.
५. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही चाचणी बसते का? रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा.

पाय झपाट्याने लुळे पडत असतील किंवा लघवी अडली असेल, तर मात्र कोणत्याही अहवालाची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा. तिथे तासांनाही किंमत असते.

व्यवस्थेने काय करायला हवे?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात एम्स, मेडिकल आणि कर्करोग रुग्णालये आहेत. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये दूरच्या डॉक्टरांना तज्ज्ञांसोबत ऑनलाइन चर्चा करता येते. इमारती आणि तज्ज्ञ आहेत, त्यांना जोडणारी वाट कच्ची आहे.

नमुना पुढे पाठवण्याची सवय या जिल्ह्याला नवी नाही. क्षयरोगात थुंकीचा नमुना पुढच्या प्रयोगशाळेत जातो. सिकलसेलमध्ये प्राथमिक चाचणी गावाजवळ होते आणि पक्के निदान पुढे. मग मज्जारज्जूच्या गाठीचा ब्लॉक मात्र नातेवाइकाच्या पिशवीतून का फिरावा? जिल्ह्यातून नमुना पाठवण्याची ठरलेली सोय, त्याचा माग ठेवणारा एक क्रमांक, मोबाइलवर येणारा अहवाल आणि केमो सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञांची एक ऑनलाइन बैठक, एवढे सरकारने आणि रुग्णालयांनी मिळून करायला हवे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, जबाबदारी ठरवावी लागते.

वर्षाकाठी असे रुग्ण मोजकेच असतील. पण चुकीची केमो सोसणाऱ्या एका रुग्णासाठीही ती सहा महिन्यांची शिक्षा असते, आणि त्याच्या घरच्यांसाठी एका हंगामाचे धान. पुढच्या वेळी कोणी ‘केमो कधी?’ विचारले, तर आधी विचारा, ‘ब्लॉक कुठे आहे?’