इकामा तिकडचा, दाखला इकडचा

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आम्हाला शारजाहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो लगेच मुद्द्यावर आला. "सर, बायकोचा निर्गम उतारा मिळेल का? तीसुद्धा आपल्याच शाळेची आहे." पठ्ठ्या बारा वर्षांपासून तिकडे गाडी चालवतो. या सुट्टीत बायकोला आणि मुलीला दोन महिने तिकडे न्यायचे त्याने ठरवले होते. तिकिटाचे पैसेही साठवले होते. पण व्हिजिट व्हिसाचे काम अडले. कारण एवढेच की बायकोच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा आहे आणि नावाच्या रकान्यात एकच शब्द आहे.

हा नियम नवा नाही. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा घेऊन येणाऱ्यांना प्रवेश द्यायचा नाही, अशी अट संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये घातली. तिकडचा रहिवासी परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ती लागू नव्हती. म्हणजे नवरा सुटला, बायको अडकली. पासपोर्ट दुरुस्त करायचा तर आडनावाचा पुरावा हवा. तो शोधायला आम्ही जनरल रजिस्टर उघडले. तिथे तिच्या नावाआधी नुसते 'शे.' लिहिलेले, नावापुढे 'बी', मग पुन्हा 'शे.' आणि वडिलांचे नाव. जन्मतारीख १ जून. आधार कार्डावर तिचीच जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि तिची अम्मी सांगते की ती रमजानात झाली.

आष्टी तालुक्यातली किती घरे या गोष्टीत स्वतःला ओळखतील, हे आम्हाला मोजून सांगता येणार नाही. पण हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या नात्यात असा एखादा 'शे.' नक्की आहे.

तिथे कायमचे कुणीच नसते

आखाताकडे आपण 'सेटल होणे' म्हणून बघतो, आणि पहिली चूक तिथेच होते. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांना हे दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाने कळले आहे. आपल्या मराठवाड्यातून माणसे बरीच उशिरा गेली, त्यामुळे आपल्याला ते अजून उमगायचे आहे. सौदीचा इकामा असो की अमिरातीचा रहिवासी परवाना, सर्वसाधारण कामगाराचा तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की काही दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा. वीस वर्षे राहिलेला माणूसही कागदावर पाहुणाच असतो.

काही गोष्टी सुधारल्या, हेही मान्य केले पाहिजे. सौदीने मार्च २०२१ पासून बऱ्याच परदेशी कामगारांना ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची आणि कफीलच्या सहीशिवाय देशाबाहेर जाऊन येण्याची मुभा दिली. अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात मुदत संपलेल्यांना दंड माफ करून कागद नीट करण्याची किंवा परत जाण्याची संधी दिली. पण याच सौदीने जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर माणशी महिन्याला १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवत नेले. त्या काळात अनेकांनी बायको-मुलांना गावी पाठवून दिले. मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटल्या. ती मुले दाखला घ्यायला आली, तेव्हा त्यांच्या हातात तिकडच्या शाळेचा इंग्रजी-अरबी कागद होता, आणि इकडच्या कार्यालयाला मराठी हवे होते.

थोडक्यात, परदेशात कितीही वर्षे काढा, शेवटी उपयोगी पडतो तो इकडचाच कागद. आणि इकडे तर सध्या कागदाचीच परीक्षा सुरू आहे.

इकडची परीक्षा

जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला. पासपोर्टसाठीही २०२५ मध्ये हाच नियम आला. एक वर्षापेक्षा उशिराच्या नोंदीचा आदेश पूर्वी न्यायालयातून आणावा लागे. नव्या कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. गरिबाचे कोर्टाचे हेलपाटे वाचले, लोकांनी रांगा लावल्या.

मग मालेगावचे प्रकरण गाजले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि उशिराचे दाखले देणेच थांबवले. मार्चमध्ये पोलीस पडताळणी आणि जाहीर नोटिशीसह नवी कार्यपद्धती आली. वर्षअखेरीस, केवळ आधार कार्डावर दिलेले दाखले रद्द करण्याच्या सूचना निघाल्या.

आमचे म्हणणे सरळ आहे. खोटे कागद करणारा आणि करून देणारा, दोघांवरही कारवाई व्हावी. त्यांच्यामुळे खऱ्या माणसाचे काम अडते. पण उशिरा नोंद मागणारा प्रत्येक जण बाहेरून आलेला, हा समज कुठून आला? ज्या बाईची बाळंतपणे घरी सुईणीच्या हातून झाली, जिचे घर सहा महिने ऊसतोडीच्या फडावर असायचे, तिच्या लेकरांची नोंद कोण करणार होते? यात शेख आहेत, तसे वंजारीही आहेत आणि दलितही आहेत. संशय मात्र नाव पाहून येतो, आणि ते बोचते.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. सप्टेंबर १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तेव्हाची दफ्तरे उर्दूत, काही मोडीत. साल फसली, ज्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळते. आजोबांचा पुरावा मागितला की तो याच दफ्तरात निघतो, आणि तो वाचणारा माणूस कार्यालयात नसतो. पण सरकारने मनावर घेतले की हेच दफ्तर बोलू लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा तहसीलच्या कपाटांतली जुनी बाडे बाहेर निघाली, उर्दू आणि मोडी वाचणारे शोधले गेले, नोंदी स्कॅन झाल्या. हे चांगलेच झाले. मराठा बांधवांना आजोबांचा कागद सापडावा म्हणून शासन स्वतः दफ्तर शोधते. तर त्याच दफ्तरातली जन्माची, शाळेची, जमिनीची नोंद गावातल्या इतरांसाठीही शोधता येईल. पुरावा आणण्याचे सगळे ओझे माणसावर आणि दफ्तराची किल्ली कार्यालयाकडे, हा न्याय नाही.

चूक आपलीही आहे

सगळे खापर सरकारवर फोडून आम्ही मोकळे होणार नाही. १ जून ही तारीख आम्हा शिक्षकांची देणगी आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला सहा वर्षे पूर्ण दिसायला हवीत, म्हणून आमच्या आधीच्या गुरुजींनी वर्गच्या वर्ग १ जूनला जन्माला घातले. 'शेख'चे 'शे.', 'सय्यद'चे 'स.' आम्हीच केले, कारण रकाना लहान होता. पुढे झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरणाऱ्याने 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग त्याला सुचेल तसे लिहिले. भावाचे एक, बहिणीचे दुसरे. आपल्याकडे 'शेख अमुक शेख तमुक' अशी नाव लिहिण्याची रीत आहे. त्यातले आडनाव कुठले, हे पासपोर्टच्या अर्जात कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. सगळे नाव एकाच रकान्यात गेले.

पालकही कमी नाहीत. लग्नासाठी वय वाढवायचे, नोकरीसाठी कमी करायचे, असे दोन-दोन दाखले आम्ही पाहिले आहेत. तेव्हाची ती हुशारी आज पोरांच्या गळ्यात आली आहे.

आता काय करावे

पहिले, घरातल्या सगळ्यांचे कागद एकदा चटईवर मांडा. आडनावाचे एकच स्पेलिंग ठरवा आणि पुढचा प्रत्येक अर्ज तसाच भरा. पासपोर्टचे नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरा.

दुसरे, बाळ झाले की २१ दिवसांत नोंद करा. ती मोफत होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावे लागते. बाळाचे नाव ठरलेले नसेल तरी नोंद थांबवू नका.

तिसरे, बाळ परदेशात झाले असेल तर तिकडच्या दवाखान्याचा आणि सरकारचा दाखला पुरेसा नाही. नागरिकत्व कायद्याप्रमाणे, ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात व्हावी लागते. मुदत गेली तर केंद्र सरकारची परवानगी लागते. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.

चौथे, निकाहनामा जपाच, पण नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीही करा. बायकोला तिकडे न्यायचे तर हेच प्रमाणपत्र साक्षांकित करून मागतात. उद्या दुर्दैवाने नवरा तिकडे वारला, तर विधवेला नुकसानभरपाईसाठीही तेच लागेल.

पाचवे, मुलाने शाळा सोडण्याआधी आमच्याकडे या आणि रजिस्टरची नोंद स्वतः वाचा. शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावरही उघड चूक असेल तर ती मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. जन्मतारीख सोयीसाठी बदलायला मात्र कुणीही येऊ नये.

सहावे, आधारवर विसंबून राहू नका. आधार ही ओळख आहे, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. बिहारात जून २०२५ मध्ये मतदार यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली. तेव्हा अकरा कागदांच्या यादीत आधार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात ते बारावे धरायला सांगितले, तेही केवळ ओळखीसाठी. अशी तपासणी दारात येते तेव्हा आखातातला माणूस घरी नसतो. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला ६-अ अर्ज भरून गावाच्या यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र प्रत्यक्ष यावे लागते.

सातवी गोष्ट समाजाची. लग्नाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातून एक टेबल, एक स्कॅनर आणि दोन शिकलेली पोरे एवढे सहज निघेल. जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एकदा कागद तपासायला बसा. शेजारच्या हिंदू घरांनाही बोलवा. त्यांच्याकडेही १ जूनवाले कमी नाहीत. जुनी उर्दू नोंद वाचायला आम्ही शिक्षक येऊ. एजंटला दिलेल्या पैशापेक्षा हे स्वस्त आणि हलाल आहे.

त्या विद्यार्थ्याचे काय झाले? निर्गम उतारा आम्ही दिला, पण त्यावर जे रजिस्टरात आहे तेच लिहिता येते. 'शे.' म्हणजे 'शेख' हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र झाले, वडिलांचा सातबारा जोडला, शाळेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला. त्याची सुट्टी त्यातच संपली. मुलगी आमच्याच शाळेत सातवीला आहे. परवा तिने विचारले, "सर, अम्मीचे नाव कधी पूर्ण होणार?" आम्ही तिला तिची स्वतःची नोंद उघडून दाखवली. आडनाव पूर्ण, तारीख खरी. तिने दोनदा वाचली आणि मग वर्गात गेली.