आमच्या तालुक्यातले जौक

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की चहा थंड होतो. कोणाला ‘मालगुडी डेज’मधला स्वामी आठवतो, कोणाला ‘नुक्कड’मधला खोपडी, कोणाला आपला मराठी ‘गोट्या’. प्रत्येकाची एक मालिका असते आणि ती दुसऱ्याच्या मालिकेपेक्षा चांगलीच असते! माझी विचाराल तर १९८८ साली लागलेली ‘मिर्झा गालिब’. दहा वर्षांच्या मुलीला ती आवडली होती हे ऐकून नवे सहकारी चकित होतात. तीत ना मारामारी, ना जादू. एक शायर, त्याची बायको, त्याचं कर्ज आणि त्याची दिल्ली, एवढंच. पण तेव्हापासून आजवर दुसरी कोणतीही मालिका माझ्या मनात तिच्या जागी बसलेली नाही.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मालिका लिहिली आणि दिग्दर्शित केली गुलजार यांनी. गालिब झाले होते नसीरुद्दीन शाह. संगीत जगजीत सिंह यांचं आणि गझला त्यांनी व चित्रा सिंह यांनी गायलेल्या. त्या गझलांच्या कॅसेट नंतर घरोघरी वाजल्या. गालिब यांचा जन्म १७९७ साली आग्र्यात झाला आणि १८६९ मध्ये दिल्लीत ते वारले. म्हणजे मोगल बादशाहीची शेवटची वर्षं, १८५७चा उठाव आणि त्यानंतरची उजाड दिल्ली, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पेन्शनसाठी कलकत्त्यापर्यंत खेटे घातले, जुगारापायी तुरुंगवासही भोगला. मालिकेने काही लपवलं नाही आणि कशाचं कौतुकही केलं नाही.

तेव्हा आमच्या मोहल्ल्यात दोनच टीव्ही होते. त्यातला एक आमच्याकडे, कारण अब्बा कुवेतला होते. अँटेना नारळाच्या झापांच्या वर काढलेला. खाडीवरून वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि कोणीतरी छपरावर चढायचं. खाली पोरं, बायका, शेजारचे चाचा, सगळे चटईवर.

दादीला मात्र हे पसंत नव्हतं. “दारू पिणाऱ्याची गोष्ट पोरांना कशाला दाखवता?” असं ती अम्मीला विचारायची. प्रश्न रास्त होता. आजही एखादी आई मला हेच विचारते. पण दोन-तीन भागांनंतर दादी स्वतःच चटईवर येऊन बसू लागली. ती गालिबसाठी येत नव्हती, उमराव बेगमसाठी येत होती. उमराव बेगम नमाज-रोजा सांभाळणाऱ्या. नवऱ्याच्या शराबीपणामुळे त्यांनी आपली भांडी वेगळी ठेवली होती असं सांगतात. १८१० साली लग्न झालं तेव्हा गालिब तेरा वर्षांचे होते. सात मुलं झाली, पण एकही जगलं नाही. पुढे भाचा आरिफ याला मुलगा मानलं, तोही ऐन तारुण्यात गेला. तरी त्या नवऱ्याजवळ जवळजवळ साठ वर्षं राहिल्या आणि त्यांच्यामागोमाग वर्षभरात स्वतःही गेल्या. माझ्या दादीने दोन मुलं मातीआड केली होती. पडद्यावर पाळणा रिकामा झाला की ती तसबीह हातात घट्ट धरून बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. शायरीतला एक शब्दही तिला कळत नसे. पण त्या घरात काय चाललं आहे ते तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आता माझं सांगते. दाभोळच्या बहुतेक घरांसारखंच आमचं घर. घरात कोकणी बोली, बाजारात आणि एसटीत मराठी, शाळेत उर्दू. उर्दू ही पुस्तकाची भाषा होती. तीत धडा पाठ करायचा, इमला लिहायचा, परीक्षा द्यायची. तीत कोणी भांडत नसे, कर्ज मागत नसे, बायकोची समजूत काढत नसे. ‘मिर्झा गालिब’मध्ये मी पहिल्यांदा पाहिलं की या भाषेत माणसं थट्टा करतात, उधारीवर आंबे घेतात, रडतात. मी एक वही केली आणि ऐकलेले नवे शब्द तीत लिहून दुसऱ्या दिवशी उर्दूच्या टीचरना अर्थ विचारू लागले. त्यांनीच सांगितलं की गालिबची पत्रंही त्याच्या शायरीइतकीच मोठी आहेत. त्याआधी पत्रात मायन्याच्याच लांबलचक ओळी असायच्या. गालिबने ते सगळं टाकून दिलं आणि समोर बसून बोलावं तसं लिहिलं. त्या आठवड्यात मी अब्बांना कुवेतला पत्र लिहिलं, ते “आम्ही सर्व खुशाल आहोत” ने सुरू केलं नाही. “काल अँटेना पडला” असं सुरू केलं. उत्तरात अब्बांनी लिहिलं की तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

या मालिकेतला दुसरा मोठा शायर म्हणजे जौक. बादशहा बहादूरशाह जफर यांचे उस्ताद, दरबारात मान, पालखीतून फिरणारे. एका प्रसंगात जौक यांची पालखी जात असते आणि गालिब त्यांना टोमणा मारणारी ओळ म्हणतात. तक्रार बादशहापर्यंत जाते. मग भर मुशायऱ्यात गालिब त्याच ओळीची अशी गझल करून दाखवतात की टोमणा स्वतःवरच घेतल्यासारखा होतो. जौक यांनाही दाद द्यावी लागते. हा प्रसंग चालू असताना माझे मामू एकदम म्हणाले, “हा माणूस आपल्या दापोलीचा आहे. पांगारीचा.”

जौक यांचं काम करणारे ते शफी इनामदार. त्याआधी १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेने त्यांना घराघरात नेलं होतं. ‘अर्धसत्य’मध्येही ते होते. हिंदी, गुजराती, मराठी रंगभूमीवर त्यांनी काम केलं. जन्म १९४५ साली आपल्याच तालुक्यात, पांगारी गावात. १३ मार्च १९९६ रोजी पन्नाशीतच हृदयविकाराने गेले. दिल्ली दरबाराचा उस्ताद, ज्याच्या तोंडून सगळ्या देशाने ती जुनी दिल्लीची उर्दू ऐकली, तो आपल्या एसटीच्या रस्त्यावरचा निघाला. त्या दिवशी दाभोळ ते दिल्ली हे अंतर मला एकदम कमी वाटलं.

हे सगळं आज लिहायला एक कारण घडलं. आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी मागच्या वर्षी शहरात उर्दू वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. भाषण उत्तम, मुद्दे तिचे स्वतःचे. नंतर बोलताना तिथल्या एका पाहुण्यांनी हसत हसत म्हटलं की कोकणातली उर्दू ऐकायला मोठी मजेदार असते. सभागृह हसलं. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण परतीच्या एसटीत ती मुलगी खिडकीबाहेर पाहत बसली आणि उतरताना मला म्हणाली, “टीचर, पुन्हा माझं नाव देऊ नका.” आठवड्याने तिचे वडील शाळेत आले. “घरी कोकणी, बाहेर मराठी, नोकरीला इंग्रजी. मग ही चौथी भाषा शिकून वर हसूही करून घ्यायचं? धाकट्याला आम्ही उर्दूत घालणार नाही.” मी त्यांना दोष देत नाही. लेकीचा उतरलेला चेहरा पाहून कोणताही बाप हेच म्हणेल.

मी त्या मुलीला ‘मिर्झा गालिब’मधला मुशायरा मोबाईलवर दाखवला आणि विचारलं, यातले कोण कुठले ओळख बरं? मग एकेकाचं सांगितलं. जौक म्हणजे पांगारीचे शफी इनामदार. बहादूरशाह जफर म्हणजे सुधीर दळवी, ज्यांना लोक ‘शिर्डी के साईबाबा’मुळे ओळखतात. आणि उमराव बेगम म्हणजे तन्वी आझमी, मराठी-हिंदी चित्रपटांतल्या नामवंत अभिनेत्री उषा किरण यांची मुलगी, माहेरच्या खेर. म्हणजे गालिबची बायको, गालिबचा प्रतिस्पर्धी आणि गालिबचा बादशहा, तिघेही आपल्या महाराष्ट्रातले. गुलजार आणि जगजीत सिंह दोघेही पंजाबी. आजही ‘उर्दू कशी बोलावी’ याचा नमुना म्हणून लोक या मालिकेकडे बोट दाखवतात, आणि तिच्या मोठ्या नावांत उत्तर प्रदेशात जन्मलेले एक नसीरुद्दीन शाह. बाकीच्यांनी ही भाषा शिकून घेतली होती.

मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांच्या गावात आपल्यासारखंच बोलत असतील?” मी म्हटलं, “पांगारीत दुसरं काय बोलणार?”

शफी इनामदार यांच्या पत्नी म्हणजे भक्ती बर्वे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ नाटकातली मंजुळा त्यांनी अजरामर केली. ते नाटक कशावर आहे? एका फुलं विकणाऱ्या मुलीच्या उच्चारांवर! शुद्ध बोलणारा प्रोफेसर तिला हसतो, शिकवतो, आणि शेवटी तिच्याही आत एक माणूस आहे हे त्याला कळायला फार उशीर लागतो. एका घरातले दोघे. एकीने अशुद्ध बोलण्याचा अपमान रंगमंचावर उभा केला, दुसऱ्याने दिल्लीच्या उस्तादाची जबान बोलून दाखवली. दोन्ही कामं मला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं वाटतात.

याचा अर्थ उच्चार कसेही चालतील असं मी म्हणत नाही. मी शिक्षिका आहे, मी चुका दुरुस्त करतेच. ‘गालिब’मधला ग हा साधा ग नव्हे, तो गैन, घशातून येतो. ‘जौक’मधला शेवटचा क त्याहून खोल, मोठ्या काफचा. आमच्या मुलांना हे आवाज सरावानेच येतात. पण काही आवाजांची तयारी त्यांच्या जिभेवर आधीच असते. ‘जहाज’ आणि ‘जीव’ यांतले दोन वेगळे ज मराठी मूल न शिकवता बोलतं. ‘जहाज’मधला ज उर्दूच्या ‘झे’ला अगदी जवळचा आहे. मूल चुकलं तर दुरुस्त करावं, हसू नये. दुरुस्ती केली तर मूल पुन्हा बोलतं. हसलं तर गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाचं धाकटं भावंड त्या शाळेत येतच नाही. भाषा अशी एकेका घरातून जाते.

आणि दिल्लीने आपल्याला हसावं असा इतिहासही नाही. उर्दू गझल दिल्लीत रुजली ती दख्खनच्या वलीमुळे. वली मूळचा औरंगाबादचा समजला जातो. त्याचा दीवान १७२०च्या सुमारास दिल्लीत पोहोचला, तोवर तिथले शायर मुख्यतः फारसीत लिहीत होते. वलीचं वाचून ते उर्दूकडे वळले. जौक आणि गालिब त्यानंतर शंभर वर्षांनी आले. आपलं दाभोळ तर त्याही आधीचं बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून इराण-अरबस्तानाकडे जहाजं जात. रशियन प्रवासी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच होर्मुझला निघाला. त्या काळात फारसी-अरबी शब्द मराठीत असे मुरले की आज ते वेगळे काढता येत नाहीत. मी वर्गात मुलांना सांगते, सकाळपासून बोललेल्या शब्दांतले मोजा. कागद, शाई, दुकान, हवा, जमीन, नाराज, वस्ताद. शेवटी मी विचारते, आणि रोज मी तुमची काय घेते? हजेरी. वर्ग हसतो, पण हे हसणं वेगळं असतं.

म्हणून माझी वाचक भगिनींना आणि भावांना एक विनंती आहे. सुट्टीत मुलांबरोबर ही मालिका बघा. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर नव्हे, एकत्र बसून. मुलांना शब्द अडला तर अर्थ विचारू द्या, आपल्यालाही आला नाही तर कोश काढा. गालिबच्या चुका दिसतील तेव्हा त्यावरही बोला, मुलं ऐकतात. आणि उमराव बेगमच्या दुःखाच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे एकदा पाहा. तिला त्यातलं काहीतरी सांगायचं असेल.

आमच्या शाळेतून यंदाच्या स्पर्धेची नावं पुढच्या शनिवारी जायची आहेत. त्या मुलीने अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा ती वर्गाबाहेर थांबली आणि मोठा काफ मला दोनदा म्हणून दाखवला. दुसऱ्या वेळी बरोबर आला. यादीत एक जागा मी मोकळी ठेवली आहे.