वस्तीतली बिअर

हातभट्टी हा शब्द फोडून पाहिला तर त्यात गुन्हा कुठेच दिसत नाही. हाताने चालवलेली भट्टी, एवढाच त्याचा अर्थ. क्राफ्ट म्हणजेही हातचे कसब. तरी महाराष्ट्रात पहिल्या शब्दामागे उत्पादन शुल्क खात्याची धाड येते आणि दुसऱ्यामागे चकचकीत टाक्या, काचेची भिंत आणि चढ्या दराचे मेनूकार्ड. हातभट्टीत ऊर्ध्वपातन होते, बिअर नुसती आंबवलेली असते, हा फरक खराच. पण दोन शब्दांच्या नशिबातले अंतर त्या फरकाने भरून निघत नाही. नागपूरच्या एखाद्या वस्तीत क्राफ्ट बिअर शोधायला निघालेल्या माणसाला या दोन टोकांच्या मध्ये बहुधा बिअर शॉपीची जाळीच सापडते. याचे कारण चवीत थोडे आणि कायद्यात फार आहे.

क्राफ्ट बिअरची व्याख्या जगभर सैल आहे. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या लेखी वर्षाला ६० लाख बॅरल, म्हणजे सुमारे ७० कोटी लिटरपर्यंत बिअर काढणारा कारखानाही ‘लहान’ ठरतो. आपल्याकडे हा शब्द प्रामुख्याने मायक्रोब्रुअरीशी जोडला गेला: थोडी थोडी काढलेली, बहुधा पाश्चराइझ न केलेली आणि शक्यतो जिथे काढली तिथेच प्यायची बिअर. महाराष्ट्रात याची सुरुवात २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केली. नावाची गंमत अशी, की इंग्रजीत वेडसर माणसासाठी वापरला जाणारा हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत, त्यावरून तो रूढ झाला. पुढे २०१३-१४ च्या सुमारास मुंबईत ‘बार्किंग डीअर’ आणि ‘गेटवे’, पुण्यात ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘एफिंगट’ उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईच्या मानाने नागपुरात हा प्रकार उशिरा आला आणि विरळच राहिला.

बिअर तयार होण्याची पहिली पायरी मराठी स्वयंपाकघराला अनोळखी नाही. नाचणीचे सत्त्व करताना धान्याला मोड आणून वाळवतात, तसेच बार्लीचे करतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स या वेलीच्या फुलोऱ्यासह उकळतात. हॉप्समुळे कडूपणा आणि सुगंध येतो, शिवाय बिअर टिकते. भारतात हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यासारख्या थंड भागात थोडेफार होतात. लहान कारखानदार बहुतेक माल परदेशातून आणतो. रस थंड करून त्यात यीस्ट सोडले की साखरेचा अल्कोहोल होऊ लागतो.

नागपूरची खरी अडचण इथे सुरू होते. ‘एल’ प्रकारातल्या बिअरचे यीस्ट १५ ते २४ अंशांत नीट काम करते. ‘लागर’ला ८ ते १३ अंश लागतात आणि नंतर कित्येक आठवडे याहूनही थंडीत मुरावे लागते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. म्हणजे बिअरची तहान जेव्हा सर्वांत मोठी, तेव्हाच ती बनवण्यासाठी विजेचा खर्चही सर्वांत मोठा. एल आठवड्याभरात आंबते आणि टाकी लवकर मोकळी करते. भारतातल्या मायक्रोब्रुअरीत गव्हाच्या बिअरची चलती दिसते, तिच्यामागे हा हिशेबही आहे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टने स्वतः घडवलेले असतात. पहिल्यांदा पिणारा कसलातरी इसेन्स घातल्याचा आरोप करतो, तो बिचाऱ्या यीस्टवर अन्याय आहे.

बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र बाहेरची चव घालतातच, आणि ती धणे व संत्र्याच्या सालीची. हा प्रकार बेल्जियमच्या हूगार्डन गावात संपल्यात जमा होता. तिथल्या पिएर सेलिस यांनी १९६६ साली तो पुन्हा सुरू केला. नागपूरसाठी याहून सोयीची पाककृती शोधूनही सापडायची नाही. पण संत्रे म्हटले की झाले, असे नाही. बेल्जियन बिअरमध्ये परंपरेने कडू संत्र्याची वाळवलेली साल वापरतात. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे मँडरिन जातीचे, सैल सालीचे आणि गोड. त्याची साल सुगंध भरपूर देते, कडूपणा फारसा देत नाही. आणि आतला पांढरा भाग खरवडायचा राहिला तर जिभेवर चरचरीत कडवटपणा तेवढा उरतो. शिवाय आंबिया बहराचे फळ दिवाळीच्या आगेमागे येते आणि मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा ताज्या सालीची नागपुरी बिअर ही खरे तर हिवाळ्याची चीज. मे महिन्यात ‘ऑरेंज सिटी स्पेशल’ म्हणून जे ग्लासात येईल, त्यातली साल वाळवलेली आहे की बाटलीतला अर्क आहे, हे विचारायला हरकत नाही. सावजी रश्श्यासोबतही हीच सौम्य बिअर बरी. हॉप्सने कडू केलेली, जास्त अल्कोहोलची आयपीए तिखटाचा जाळ शमवण्याऐवजी भडकवते.

असा काथ्याकूट वस्तीत मात्र होत नाही, कारण वस्तीत मिळणारी बिअर वेगळी आहे. शॉपीच्या फ्रिजमध्ये ६५० मिलिलिटरच्या बाटल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच ‘स्ट्राँग’, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर, ८ टक्क्यांच्या आत अल्कोहोलच्या. देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे. गिऱ्हाईक चवीला नव्हे तर चढण्याला पैसे मोजते, असा उद्योगाचा अंदाज आहे आणि तो चुकलेला नाही. ही बिअर वाळूज-तळोजासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांत बनते. माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरलेली, पाश्चराइझ केलेली, महिनोन्‌महिने टिकणारी. एक लिटर बिअरमागे कारखान्यात काही लिटर पाणी खर्च होते. म्हणूनच २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात लावली. २०१५ साली ‘बिरा ९१’ने गव्हाची बिअर बाटलीतून मोठ्या बाजारात आणली, तेव्हा शॉपीच्या फ्रिजचा एक कप्पा बदलला. मायक्रोब्रुअरीची जिवंत बिअर मात्र तिथे पोचत नाही. सतत थंड ठेवलेली टाकी आणि पिंप तिला लागते, काही आठवड्यांत तिची चव उतरते आणि परवान्याची चौकट तिला मुख्यतः हॉटेल-बारमध्येच बसवते.

ती चौकट १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ सालीच वेगळा दारूबंदी कायदा झाला होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ पासून मुंबईचा कायदा इकडे लागू झाला. नाव आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे आहे, आणि नावातली बंदी शोभेची नाही. या कायद्यानुसार दारू बनवणे, बाळगणे, पिणे हे मूलतः निषिद्ध. परवाना हा अपवाद. पिणाऱ्याकडेही परवाना हवा. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, इतर मद्यासाठी २५. एका दिवसाचा परवाना देशी दारूसाठी २ रुपयांचा आणि विदेशीसाठी ५ रुपयांचा. तो कुणी मागत नाही आणि कुणी दाखवत नाही, तरी ‘परमिट रूम’ हे नाव त्याच्यावरूनच पडले. दुकानांचे वर्गही कायद्याने पाडलेले: देशीचे सीएल-३, परमिट रूमचे एफएल-३, बिअर शॉपीचे एफएल/बीआर-२. खात्याच्या या लिपीत चवीला रकाना नाही.

वस्तीला मात्र आहे. तो विरोधाचा. शाळा, देऊळ, एसटी स्थानक यांपासून ठरावीक अंतराच्या आत दुकान नको, हा नियम जुना आहे. २००८ च्या आदेशाने त्यात मतपेटीची भर पडली. गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा तितक्याच एकूण मतदारांनी मागणी केली, की दुकान ठेवायचे की नाही यावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. बाटली आडवी करायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे मजुरीला गेलेली, माहेरी असलेली, किंवा यादीत नाव राहून गेलेली मृत बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. हा निकष अन्यायाचा आहे, असे म्हणायला दारूविरोधी असण्याची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत आणखी एक पायरी जाहीर केली: गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवे बिअर किंवा मद्याचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे.

नागपूरकरांच्या या वादाला आजूबाजूचा इतिहासही आहे. शेजारचा वर्धा जिल्हा गांधींच्या नावाने अनेक दशके कोरडा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आणि शहराच्या मधोमध दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातला पाचवा नियम तर सुरा आणि मेरय अशा दोन पेयांची वेगवेगळी नावे घेतो; त्यांतली सुरा ही प्राचीन भारतातली धान्याची आंबवलेली दारू, म्हणजे नात्याने बिअरचीच थोरली बहीण. शॉपीसमोर मोर्चा घेऊन उभ्या असलेल्या बायांना लागर आणि एलमधला फरक सांगू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

जिथे क्राफ्ट बिअरचा वाद चवीवर होतो, तिथे तो पिणाऱ्यांनी सुरू केला होता. ब्रिटनमध्ये १९७१ साली चार मित्रांनी कारखान्याच्या बेचव बिअरविरुद्ध ‘कॅमरा’ ही संघटना काढली आणि पबच्या पिंपातली जिवंत बिअर वाचवली. अमेरिकेत घरी बिअर काढायला संघराज्याच्या कायद्याची मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने, तारीख १४ ऑक्टोबर १९७८. (दीक्षाभूमीची तारीख तीच, हा निव्वळ योगायोग.) नंतरचे कित्येक क्राफ्ट कारखानदार घरच्या पातेल्यात हात बसवूनच पुढे आले. महाराष्ट्रात ही मधली पायरीच नाही. घरी २० लिटर बिअर आंबवणे हा गुन्हा आहे; मायक्रोब्रुअरी काढायला मोठे भांडवल लागते. परिणामी कसब शिकायची जागा वस्तीत उरत नाही, आणि क्राफ्ट बिअरची चर्चा ज्यांना ती परवडते त्यांच्या टेबलापुरती राहते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर सरकारी सुराध्यक्ष नेमलेला आहे, दंडही कडक आहेत. तरी उत्सव आणि यात्रांसाठी चार दिवस घरगुती गाळपाला मुभा आहे. एवढी सवलत द्यायला १९४९ चा कायदा तयार नाही.

घरी आंबवण्याचे कसब विदर्भात नाही असे नव्हे. ते मोहाच्या झाडाखाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी रसाळ, साखरेने भरलेली फुले गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबे वेचतात, वाळवतात, काही दिवस आंबवतात आणि मातीच्या किंवा धातूच्या भांड्यांतून गाळतात. कुठल्या फुलाला कसा वास, किती दिवस आंबवायचे, पहिली धार का टाकून द्यायची, हे ज्ञान पिढ्यांचे आहे. क्राफ्टची कुठलीही व्याख्या घ्या, ती इथे लागू पडते. २०२१ साली महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध काढले. गाळप गुन्ह्याच्या यादीतच राहिले. मध्य प्रदेशाने मात्र आदिवासींनी काढलेल्या मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून परवाना दिला. नागपूरहून सावनेरच्या रस्त्याने ती सीमा तासा-दीड तासावर आहे. सीमेपलीकडची ती बाटली परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही.