बेडकाचा डोळा

श्रावणांत रिहे गांवच्या भातखाचरांच्या बांधावर बसून बेडकाकडे पाहावें. किडा निश्चळ असेतों बेडकास त्याची वार्ताही नसते. तो हालला कीं जीभ सुटलीच! निश्चळ खाद्य सभोंवार असतांही बेडूक उपाशी मरेल, असें जेरोम लेटव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं लिहिलें.

अशाच तऱ्हेचा यांत्रिक डोळा आतां निघाला आहे. चलच्चित्राचा साधा कॅमेरा सेकंदास २४ किंवा ३० पूर्ण चित्रें टिपतो, मग समोर कांहीं घडो वा न घडो. या डोळ्याचा प्रत्येक बिंदु मात्र स्वतंत्र असतो. आपल्यावरील उजेड ठराविक प्रमाणांत वाढला वा घटला तरच तो तेवढेंच कळवितो, एरव्हीं मौन. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२३ सालीं याच्या साह्यानें ५० नॅनोमीटरांहून लहान वस्तु हेरल्या.

ही काटकसर आम्हांस मान्य आहे. परंतु पाहणें म्हणजे एवढेंच, हें मान्य नाहीं. स्थिर वस्तु दिसावी तर हा डोळाच हालवावा लागतो. परमेश्वरानें मनुष्यास दिलेला डोळाही सदैव सूक्ष्म थरथरत असतो, म्हणूनच समोरची भिंत दिसत राहते. गुण घसरले कीं पालक शाळेंत येतात. वर्षभर एकसारख्या राहिलेल्या अबोल मुलाची चौकशी करावयास क्वचितच कोणी येतो. पालकहो, आमच्या हातूनही हेंच झालें आहे. हल्लीं आम्ही खुर्ची सोडून बांकांमधून फिरत शिकवितों.